खाडीतल्या बीजाची ओळख : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५

१६ नोव्हेंबर २०२४

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. उधाणामुळे आज पहाटे मोठी ओहोटी मिळाली आणि कांदळवनाच्या कडेचा चिखल सकाळी आठपर्यंत उघडा राहिला. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील या खाडीत एका महिला बचत गटाने कांदळांच्या आतल्या बाजूस जाळीचे कुंपण घालून खेकडे वाढवायला घेतले आहेत, आणि त्याच गटातील काही जणी शिंपल्यांच्या माळा पाण्यात सोडून कालवेही (शिंपल्यातला खाण्याचा जीव, ऑयस्टर) धरतात. खेकड्यांबाबत त्यांची एकच तक्रार आहे. एकाच दिवशी, एकाच कुंपणात, जवळपास सारख्या आकाराची पिल्ले सोडली आणि सर्वांना तेच खाणे घातले, तरी काही खेकडे चार-पाच महिन्यांत बाजारात नेण्याजोगे होतात आणि काही तिथेच अडून बसतात. दोष खाण्याचा की पाण्याचा, यावर गटात दोन तट पडले आहेत.

माझा संशय तिसऱ्याच कारणावर आहे. आपल्या खाड्यांत चिखलातल्या खेकड्याच्या दोन जाती एकत्र राहतात. पहिली सायला सेराटा, जी दोन किलोपर्यंत वाढू शकते, आणि दुसरी सायला ओलिव्हेशिया, जी त्या मानाने लहानच राहते. मोठ्या खेकड्यांत हा फरक डोळ्यांना दिसतो. सेराटाच्या नांगीच्या मनगटावर बाहेरून दोन ठळक काटे असतात आणि सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी असते. ओलिव्हेशियाच्या डोळ्यांमधले दाते बसके व गोलसर असतात, मनगटावरचे काटे जवळजवळ नसतातच आणि नांगीवर तांबूस झाक असते. रुपयाच्या नाण्याएवढ्या पिल्लात मात्र यांतले काहीही धड उमटलेले नसते, आणि गट बीज म्हणून नेमकी हीच पिल्ले गोळा करतो.

आज डीएनए तपासणीसाठी ६० पिल्लांच्या चालायच्या एका पायाचे शेवटचे पेर कापून घेतले. पुढच्या काही काती टाकताना पाय पुन्हा येतो, त्यामुळे नमुन्यासाठी जीव मारावा लागत नाही. पिल्ले क्रमांक लावलेल्या डब्यांत वेगळी ठेवली आहेत. त्यांची वाढ पाहता आली, तर निकालाला अर्थ येईल.

२३ नोव्हेंबर २०२४

साठांपैकी अकरा नळ्या बाद झाल्या. चूक सर्वस्वी माझी आहे. नळ्यांवर मार्करने क्रमांक लिहिले होते, एका डब्यातल्या नळ्यांची झाकणे सैल राहिली, अल्कोहोल बाहेर झिरपले आणि शाई धुऊन गेली. ऊती उत्तम स्थितीत आहेत, पण त्या कोणाच्या हे सांगता येत नाही, आणि मालक ठाऊक नसलेला डीएनए या कामात कचऱ्याच्याच मोलाचा असतो. यापुढे कागदाच्या कपट्यावर शिसपेन्सिलीने लिहून तो कपटा नळीच्या आत टाकायचा, असे ठरवले. पेन्सिलीतले ग्रॅफाइट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. जुने लोक बरणीतल्या माशांच्या नमुन्यांना हेच करत आले आहेत. मला ते ठाऊक होते आणि तरीही मी मार्कर उचलला.

१० डिसेंबर २०२४

उरलेल्या ४९ नमुन्यांतून डीएनए काढून झाला. मायटोकॉन्ड्रियातील (पेशीच्या ऊर्जाघरांतील) सीओआय या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या घटकांचा, तुकडा पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेने) वाढवला आणि जेलवर तपासला. तीन नमुन्यांत पट्टी आली नाही, म्हणजे तुकडा वाढला नाही; बाकीचे वाचनासाठी रवाना केले. कॅनडातील शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ साली हाच तुकडा प्राण्यांच्या जाती ओळखण्याचा 'बारकोड' म्हणून सुचवला. तेव्हापासून जगभरच्या नमुन्यांची अक्षरे त्यासाठी साठवली गेली आहेत, आणि आमच्या पिल्लांची अक्षरे त्यांच्याशीच ताडून पाहायची आहेत.

४ जानेवारी २०२५

निकाल आला. पिल्ले दोन्ही जातींची आहेत आणि त्यांत ओलिव्हेशियाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. खाण्याचा आणि पाण्याचा वाद यामुळे पूर्णपणे मिटला असे म्हणणार नाही, कारण दाटी झाली की खेकडे एकमेकांना खातात आणि कात टाकून मऊ पडलेला खेकडा आधी जातो. पण ज्या पिल्लाची जातच मुळात लहान आहे, त्याने मोठे व्हावे म्हणून बांगड्याची डोकी आणि टाकाऊ मासळी महिनोन्महिने घालत राहणे हा नुकसानीचा धंदा होता, एवढे आज पुराव्यानिशी सांगता आले.

जाती ठरवताना नावांच्या गोंधळात बराच वेळ गेला, म्हणून तो येथे नोंदवून ठेवते. आपल्याकडच्या कित्येक जुन्या अहवालांत मोठ्या जातीला ट्रँकेबॅरिका आणि लहान जातीला सेराटा म्हटलेले आढळते. १९९८ साली कीनन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी सायला प्रजातीची शरीररचना व जनुके अशी दोन्ही अंगांनी फेरमांडणी करून चार जाती ठरवल्या. त्यानंतर भारतीय नमुन्यांची जनुके वाचली गेली, तेव्हा आपला मोठा खेकडा हाच खरा सेराटा आणि लहान तो ओलिव्हेशिया हे स्पष्ट झाले. म्हणजे जुन्या अहवालात 'सेराटाची वाढ' म्हणून दिलेला तक्ता प्रत्यक्षात ओलिव्हेशियाचा असू शकतो. तो पाहून कोणी खाद्याचे प्रमाण ठरवले असेल, तर ते दुसऱ्याच प्राण्याचे प्रमाण झाले. मत्स्यशेतीत लॅटिन नावांशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्यांना दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे.

एक मर्यादा लिहून ठेवणे आवश्यक आहे. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए फक्त आईकडून येतो. एखादे पिल्लू दोन जातींच्या संकरातून झालेले असेल, तर या तपासणीत ते निमूटपणे आईच्या जातीत मोजले जाईल. संकर शोधायचा असेल, तर केंद्रकातील जनुकांच्या खुणा वाचाव्या लागतील.

१९ जानेवारी २०२५

पहाटे मिरकरवाडा बंदरावर गेले होते. खाडीच्या पाण्यातून माशांचा डीएनए शोधायचा असेल, तर आधी आपल्या किनाऱ्यावरच्या माशांची खात्रीची अक्षरे हाताशी हवीत, म्हणून बोटींवरून उतरलेल्या मासळीचे परांचे तुकडे जमवले: बांगडा, सुरमई, तारली, हलवा, रावस, पापलेट. प्रत्येक माशाचा फोटो, बाजूला मोजपट्टी, आणि या वेळी शिसपेन्सिलीचा कपटा.

पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. गंमत अशी की, अनेक वर्षे बहुतेक पुस्तकांत त्याचे नाव पॅम्पस अर्जेंटियस असे छापले जात होते, आणि जनुकांच्या अभ्यासातून भारताच्या किनाऱ्यावरचे रुपेरी पापलेट हे पॅम्पस कॅन्डिडस असल्याचे पुढे आले. चीनकडच्या समुद्रातल्या माशाच्या वाढीचे आणि विणीचे आकडे आपल्या पापलेटला लावून मासेमारीचे नियम करणे योग्य नाही, हा त्याचा सरळ अर्थ होतो. टोपलीत ते अर्थात तसेच पापलेट राहते आणि भावही तोच राहतो.

२ फेब्रुवारी २०२५

आजपासून खाडीच्या पाण्याचे नमुने सुरू केले. मासा दिसला नाही तरी त्याची खवले, श्लेष्मा आणि विष्ठा पाण्यात मिसळते आणि त्यातील डीएनए काही तास ते काही दिवस टिकतो. पाणी बारीक गाळणीतून काढून हा डीएनए वेचला, की खाडीच्या कोणत्या फाट्यात कोणते मासे वावरतात याचा अंदाज जाळे न टाकता घेता येतो. गटाला आणि आम्हाला एक प्रश्न सोडवायचा आहे: जिताड्याची पोरे आत शिरतात ते फाटे कोणते, म्हणजे तेवढे फाटे बीज गोळा करण्यातून वगळता येतील. खेकड्यांसाठी ही पद्धत तितकी भरवशाची नाही, कारण कठीण कवचामुळे ते पाण्यात फार थोडा डीएनए सोडतात.

प्रत्यक्ष काम मात्र चिखलाने अडवले. एका जागी दोन लिटर पाणी गाळायचे ठरवले होते. तीनशे मिलिलिटरच्या आसपास गाळणी तुंबली. शेवटी प्रत्येक जागी कमी पाण्याच्या तीन-तीन गाळण्या वापरल्या. होडीवरच बाटलीबंद पाणी गाळून एक कोरा नमुनाही घेतला. त्यात मासा सापडला, तर तो मासा खाडीतला नसून आमच्या हातांचा, असे समजायचे. होडीवाल्या दादांनी सकाळी त्याच होडीतून मासळी आणली होती, हे कळल्यावर फळ्या ब्लीचने धुतल्या आणि हातमोजे दोनदा बदलले. दादा हे सारे पाहून हसले, पण पुढच्या वेळी त्यांनी न सांगता होडी धुऊन ठेवली.

५ फेब्रुवारी २०२५

ही नोंद कामाबाहेरची, तरी जनुकांवरून ओळख पटवण्याच्या प्रश्नाला लागून आहे. ओडिशात २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण २७ जानेवारीला गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे कितपत वेगळी, हा प्रश्न एका खूणपट्टीने पुन्हा खुला केला. एक कासवीण म्हणजे पूर्ण समूह नव्हे. तिच्यासारख्या किती येतात हे जनुकांतूनच कळेल, आणि त्यासाठी न उबलेली अंडी व घरट्यात मेलेली पिल्ले यांच्या ऊती पुरतात. वन खात्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही आणि ते योग्यच आहे. आमच्या खेकड्यांच्या बाबतीतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येणार आहे, असे दिसते.

२७ फेब्रुवारी २०२५

पाण्याच्या नमुन्यांचा पहिला पीसीआर जवळजवळ कोरा आला. याचा अर्थ खाडीत मासे नाहीत असा नव्हे. कांदळांच्या पानांतील आणि कुजणाऱ्या पाचोळ्यातील टॅनिन व तत्सम द्रव्ये डीएनएबरोबर येतात आणि पीसीआरमधील विकराला काम करू देत नाहीत. काढलेला डीएनए दहापट पातळ केला, तेव्हा बहुतेक नमुन्यांत पट्ट्या आल्या. कोरा नमुना कोराच राहिला, ही समाधानाची गोष्ट.

त्यांची अक्षरे वाचून तयार झालेल्या यादीत जिताडा दोन फाट्यांत आला आहे. बोय आणि काळुंद्र अपेक्षेप्रमाणे बहुतेक सगळीकडे आहेत. पण पार आतल्या, गोड्या पाण्याकडच्या टोकाला बांगडा सापडला, तोही ठळक. बांगडा हा उघड्या समुद्रात थव्याने फिरणारा मासा. तो कांदळवनाच्या टोकाशी काय करतो, याचे उत्तर दुसऱ्या दिवशी वाडीत फिरताना मिळाले. त्या टोकाला पायऱ्यांचा घाट आहे आणि सकाळी तिथे घरोघरची मासळी धुतली जाते. यंत्राने खोटे काहीच सांगितले नव्हते, बांगड्याचा डीएनए पाण्यात होताच. जागेवर न जाता नुसती यादी वाचून अहवाल लिहिला असता, तर 'बांगड्याचा नवा अधिवास' जाहीर करायची वेळ आली असती. जिताड्याच्या दोन फाट्यांवर म्हणूनच अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. भरतीबरोबर डीएनए वाहून येतो, तेव्हा भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळा पुन्हा पाणी घ्यायचे आहे.

२० मार्च २०२५

शिमगा आटोपला, पालख्या देवळात परतल्या आणि गटातल्या सगळ्या जणी पुन्हा कामावर आल्या. या महिन्यात कालवांचे नमुने घेतले. कालवाचा शिंपला ज्या दगडाला चिकटेल त्याचा आकार घेतो, त्यामुळे शिंपल्यावरून जात ओळखणे खेकड्याहूनही अवघड जाते. शिवाय त्याच्या मांसातील चिकट शर्करायुक्त द्रव्य डीएनएबरोबर उतरते. नेहमीची पद्धत दोनदा फसल्यावर वनस्पतींसाठी वापरली जाणारी सीटॅब पद्धत घेतली आणि काम झाले. माळांवर बसलेल्यांत खडकावरचे बारीक कालव आणि खाडीतले मोठे कालव अशी सरमिसळ आहे. खालच्या पातळीवरच्या माळांवर मोठी जात अधिक दिसते, पण नमुने थोडे आहेत. एवढ्यावर माळा खाली उतरवा असा सल्ला देणार नाही.

६ एप्रिल २०२५

आज गटाची बैठक झाली. सुरुवातीलाच एका काकींनी सरळ विचारले, "मॅडम, तुम्ही कुर्लीत काय घालणार तर नाय ना?" हा प्रश्न त्यांच्या मनात नोव्हेंबरपासून असणार. मी सांगितले की आम्ही कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, जनुके फक्त वाचतो, बदलत नाही. रक्त तपासणारा डॉक्टर रक्त बदलत नाही, तसेच हे. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, ते राहून गेले.

पुढची चर्चा महत्त्वाची झाली. खाडीतले बीज दोन जातींचे निघाल्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॅचरीतून (बीज-उत्पादन केंद्रातून) निव्वळ सेराटाचे बीज मागवावे, असे गटाचे म्हणणे आहे, आणि ते रास्त आहे. त्यामुळे खाडीतल्या पिल्लांवरचा ताणही कमी होईल. अडचण दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. बीज जास्त आले तर उरलेले खाडीत सोडावे, म्हणजे खाडी समृद्ध होईल, असा ठराव काही जणींनी मांडला होता. हेतू चांगला असूनही मी त्याला विरोध केला, आणि फळ्यावर हिशेब मांडून दाखवला.

खेकड्याची एक मादी एका वेळी दहा लाखांहून अधिक अंडी धरते, म्हणून हॅचरीला एका खेपेसाठी दोन-तीन माद्या पुरतात. धंद्याच्या दृष्टीने ही सोय आहे, पण वंशाच्या दृष्टीने हीच अडचण. समजा तीन माद्या आणि त्यांच्याशी जुगलेले तीन नर. समूहाचा प्रभावी आकार, म्हणजे वंशाच्या हिशेबाने धरायची संख्या, काढायला नर व मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करायची आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे. उत्तर येते ६. अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यातील प्रजननाचा) वेग म्हणजे १ भागिले त्या आकाराची दुप्पट, अर्थात दर पिढीला सुमारे ८.३ टक्के. तेच पंचवीस माद्या आणि पंचवीस नर घेतले, तर आकार ५० आणि वेग १ टक्का. प्रत्यक्षात स्थिती याहूनही वाईट असते, कारण एका मादीची पिल्ले जगतात आणि दुसरीची बहुतेक मरतात. अशी हजारो भावंडे खाडीत सोडली, तर खेकडे संख्येने वाढलेले दिसतील आणि समूहातील विविधता मात्र आकसेल. नील्स रायमन आणि लिंडा लायक्रे या संशोधकांनी १९९१ साली हा धोका सूत्रात मांडून दाखवला. त्यात हे बीज बंगालच्या उपसागराकडचे. तिकडचे आणि इकडचे सेराटा किती वेगळे आहेत, हे आमच्या बारकोडवरून ठरत नाही. सोडलेले बीज परत वेचता येत नाही.

एका ताईंनी विचारले की मग सुधारित बीज म्हणतात ते काय. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने निवड पद्धतीने तयार केलेल्या 'जयंती' रोहूचे उदाहरण दिले: दर पिढीला वाढीत सरासरी १७ टक्के फायदा मिळाला. त्याची सुरुवातच अनेक नद्यांतून आणलेल्या रोहूंपासून झाली होती. मूळ समूहात भेद असेल तरच निवडायला काही उरते. म्हणजे उद्या खेकड्याचे सुधारित बीज हवे असेल, तर आजच्या खाडीतला भेद सांभाळणे हा त्याचाच पहिला टप्पा आहे.

ठराव बदलला. हॅचरीचे बीज फक्त कुंपणात आणि पेट्यांत राहील, उरलेले शेजारच्या गटाला दिले जाईल, खाडीत सोडले जाणार नाही. मागणीपत्रात मी एक ओळ घालायला लावली: या खेपेसाठी किती माद्या वापरल्या ते हॅचरीने लेखी कळवावे.

२६ एप्रिल २०२५

हॅचरीचे बीज आले. कुंपणात सोडण्यापूर्वी काही पिल्लांची पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या विषाणूसाठी पीसीआर तपासणी केली. सर्व नमुने निर्दोष निघाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून या विषाणूने देशातील कोळंबी शेतीचे अतोनात नुकसान केले आहे आणि चिखलातला खेकडा स्वतः न मरता तो बाळगू शकतो. खाडीच्या पलीकडे कोळंबीचे तलाव आहेत, त्यामुळे ही तपासणी आमच्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त गरजेची होती. माद्यांची संख्या अद्याप कळलेली नाही.

२७ मे २०२५

पाऊस यंदा मे महिन्यातच कोसळला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाण्याचे नमुने घेण्याचा बेत रद्द करावा लागला, कारण खाडीला गढूळ लोंढा आला आणि खारटपणा एकदम उतरला. सुदैवाने भरती-ओहोटीची जोडीने घ्यायची पाणी-गाळणी १५ मेच्या आधी उरकली होती. दोन फाट्यांपैकी एकात जिताड्याचा डीएनए फक्त भरतीला मिळतो, म्हणजे तो बाहेरून आलेला असण्याची शक्यता अधिक. दुसऱ्यात तो दोन्ही वेळा मिळाला. होडीवाल्या दादांना दाखवले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्या फाट्यात पागात (फेकजाळ्यात) बोटभर जिताडे येतात, हे त्यांना ठाऊकच होते. मग आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर उत्तर आले की कोणी विचारले नव्हते. पुढच्या प्रकल्पात पहिला महिना नुसता विचारण्यासाठी राखून ठेवणार आहे.

४ जून २०२५

१ तारखेपासून मासेमारी बंद आहे आणि बंदरात बोटी शाकारून ठेवल्या आहेत. नोव्हेंबरमध्ये पाय कापलेल्या पिल्लांपैकी जी जगली, त्यांची शेवटची मोजणी आज केली. बारकोडने सेराटा ठरलेली पिल्ले वजनाने स्पष्टपणे पुढे आहेत, आणि आता त्यांच्या मनगटावरचे दोन काटे काकी चष्म्याशिवाय दाखवू शकतात. क्रमांक २३ चे पिल्लू मात्र बारकोडने ओलिव्हेशिया असूनही काटे आणि नक्षी सेराटाची दाखवते. नळीची अदलाबदल झाली की तो संकर आहे, हे केंद्रकातील खुणा वाचल्यावरच ठरेल. त्याच्या दुसऱ्या पायाचे पेर आज घेतले, आतल्या कपट्यावर शिसपेन्सिलीने '२३ – दुसरा' असे लिहिले आणि खेकडा वेगळ्या पेटीत ठेवला. हॅचरीला माद्यांच्या संख्येबद्दल पुन्हा पत्र पाठवले आहे.